जुन्या गाडीच्या इंजिनाचा रंग: ६५० अंशांचा एकच डबा सगळीकडे का चालत नाही

प्रश्न असा आहे. १९६०च्या दशकातली गाडी, सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, टॅपेट कव्हर ॲल्युमिनियमचं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे जळालेले वायू हेडमधून बाहेर नेणारा नळ्यांचा जोड, तोही बिडाचा. इंजिन पूर्ण उघडलेलं आहे, मशीनिंग होऊन आलं आहे, नवा कॅमशाफ्ट पडणार आहे. आधीच्या मालकाने मारलेला रंग तीन ठिकाणी गेला होता: मॅनिफोल्डवरून पूर्ण, हेडवर एक्झॉस्ट पोर्टच्या भोवती करपून, आणि पेट्रोल पंपाखाली ओघळाच्या आकारात. आता ‘६५० अंश सेल्सिअसपर्यंत’ असं लिहिलेला उष्णतारोधक रंग अख्ख्या इंजिनाला मारला तर तिन्ही दुखणी एकदम जातील का?

जाणार नाहीत. तो डबा मॅनिफोल्डसाठी राखून ठेवा. ब्लॉकला तो मारलात तर पंपाखालचा ओघळ पुन्हा येईल, आणि या वेळी आणखी लवकर. रंग तीन ठिकाणी गेला कारण कारणं तीन वेगळी होती. मॅनिफोल्डवरचा उष्णतेने गेला, पंपाखालचा पेट्रोलने गेला, आणि पोर्टभोवतीचा अशा जागी होता जिथे ब्लॉकचा रंग कमी पडतो आणि मॅनिफोल्डचा नीट पिकत नाही.

इंजिन सगळीकडे सारखं तापत नाही, हे आधी पक्कं धरा. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात पाणी ८० ते १०० अंशांच्या घरात असतं, म्हणून ब्लॉकचा बाहेरचा पृष्ठभागही तेवढाच, फार तर १२०पर्यंत जातो. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या बुडाचं ऑइलचं भांडं, ऑइलच्या तापमानाला असतं, लांबच्या वेगवान प्रवासात ११० ते १३०. टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट हाउसिंग याच मापात बसतात. हेडची एक्झॉस्टकडची बाजू मात्र वेगळी. पोर्टच्या कडेला, फ्लँजला (मॅनिफोल्डची हेडवर बसणारी सपाट बाजू) लागून १५० ते २०० अंश सहज होतात. शिवाय गरम इंजिन बंद केल्यावर पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात, मॅनिफोल्डची धग हेडमध्ये मुरते, आणि ती जागा चालत्या इंजिनापेक्षा जास्त तापते. खुद्द मॅनिफोल्ड नेहमीच्या चालवण्यात ४०० ते ६५०, आणि दामटून चालवला तर ७००च्या पुढे. लोखंड ५२५ अंशांच्या आसपास अंधारात मंद लाल दिसू लागतं. चढ चढून आल्यावर रात्री बॉनेट उघडून मॅनिफोल्ड लालसर दिसला, तर तापमान किती होतं हे वेगळं मोजायची गरज नाही.

बाकीच्या जागा मोजाव्यात, पण इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजताना एक काळजी घ्या. चकचकीत धातूवर तो खूप कमी आकडा दाखवतो, कारण चकचकीत पृष्ठभाग इन्फ्रारेड किरण कमी सोडतो. जिथे मोजायचं तिथे काळ्या मॅट रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि त्याच्यावर रोखा. उघड्या ॲल्युमिनियमवर मोजलेलं तापमान खरं धरून रंग निवडणारे बरेच असतात आणि मग डब्याला दोष देतात.

आता ६५० अंशांचा रंग ब्लॉकवर का नको, ते नीट सांगतो, कारण सगळ्या निवडीची किल्ली इथे आहे.

साधा एनॅमल, एपॉक्सी, टू-के (दोन घटक मिसळून मारायचं) पॉलियुरेथेन, पावडर कोटिंग हे सगळे कार्बनच्या साखळ्यांवर उभे असलेले रंग. त्यातले काही १२० अंश सोसतात, काही दीडशे, काही थोडा वेळ अडीचशे. त्यापलीकडे साखळ्या तुटतात. रंग आधी पिवळसर होतो, मग ठिसूळ, मग पोपडे. ६५० अंशांच्या डब्यात असतं सिलिकोन रेझिन. त्याचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा. हा बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा बळकट असतो, आणि त्याला जोडलेले कार्बनी गट साडेतीनशेच्या पुढे जळून गेले तरी मागे सिलिकाची जाळी उरते. ती जाळी रंगद्रव्याचे कण, म्हणजे बहुधा ॲल्युमिनियमची भुकटी किंवा काळी धातूऑक्साइडं, धातूला धरून ठेवते. म्हणून तो मॅनिफोल्डवर टिकतो.

पण हे रेझिन पक्कं व्हायला साधारण २०० ते २५० अंशांवर अर्धा ते एक तास भाजावं लागतं. हवेत नुसता सोडला तर थिनर उडून तो हाताला कोरडा लागतो, एवढंच. न भाजलेल्या मडक्यासारखी त्याची गत असते: आकार दिसतो, पाणी पडलं की विरघळतो. ब्लॉक आयुष्यात कधी दोनशे अंशांना जात नाही. म्हणजे ब्लॉकवरचा सिलिकोन रंग वर्षानुवर्षं कच्चाच राहतो. त्याच्यावर पेट्रोलचा थेंब पडला की फडक्यावर रंग येतो, पाना लागला की ओरखडा उठतो, आणि ऑइलचे डाग त्यात मुरतात. वर त्याला चमक नसते आणि छटा मोजक्या. ज्याची उष्णता सोसायची ताकद सर्वात जास्त तो सर्वात चांगला, ही समजूत इंजिनाच्या बाबतीत नेमकी उलटी पडते.

डब्यावरच्या आकड्यांबद्दलही सांगायला हवं. पुष्कळ डब्यांवर मोठ्या अक्षरात फॅरनहाइट असतं. ५०० फॅरनहाइट म्हणजे २६० सेल्सिअस, १२०० म्हणजे जेमतेम ६५०. काही डबे २००० फॅरनहाइट, म्हणजे १०९३ सेल्सिअस सांगतात. बीड साधारण ११५० ते १२०० अंशांना वितळतं. तेव्हा तो आकडा क्षणभराच्या चटक्याचा आहे, रोजच्या चालण्याचा नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘सतत’ आणि ‘थोडा वेळ’ असे दोन आकडे वेगळे दिलेले असतात. निवड पहिल्यावर करा. दोन आकडे वेगळे दिलेले नसतील तर छापलेला आकडा थोड्या वेळाचा आहे असं धरून चाला.

ब्लॉक आणि चेंबरसाठी माझी पसंती स्पष्ट आहे: एपॉक्सी प्रायमरचा एक पातळ हात आणि त्याच्यावर हार्डनर घालून मारायचा टू-के पॉलियुरेथेन. तो १२० अंश आरामात सोसतो, ऑइल पुसलं की जातं, पेट्रोलला दाद देत नाही. पेट्रोल पंप, कार्बोरेटरखालची बाजू, फिल्टरभोवतीची जागा इथे त्याला तोड नाही, विशेषतः आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसमोर. स्प्रे कॅनमधला एका घटकाचा इंजिन एनॅमल स्वस्त आणि सोपा असतो, २६० अंशांपर्यंतचं त्याचं माप खरंही असतं, पण पेट्रोलसमोर तो मऊ पडतो. तुमच्या पंपाखालचा ओघळ तसाच झालेला दिसतो. टू-के मारायची सोय नसेल तर एनॅमल मारा, मात्र पेट्रोलची गळती आधी पूर्ण बंद करा आणि पेट्रोल लाइन जोडण्याआधी इंजिन निदान दहा दिवस तसंच राहू द्या. एनॅमल हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू पक्का होतो. दुसऱ्या दिवशी कोरडा वाटतो तो वरवर.

दुसऱ्या हाताची वेळही पाळा. बऱ्याच एनॅमलला दुसरा हात एक तर पहिल्या तासाभरात द्यायचा असतो किंवा आठवड्यानंतर. मधल्या काळात दिला तर वरच्या हातातला थिनर खालच्या अर्धवट थराला फुगवतो आणि सुरकुत्या पडतात. हीच गोष्ट एनॅमलवर टू-के मारताना दुप्पट घडते, म्हणून दोन्हीची सरमिसळ नको.

ब्लॉकला लांबी (पुट्टी) भरू नका. ओतीव कामाचा खरबरीतपणा त्या इंजिनाचा आहे. लांबी भरून गुळगुळीत केलेला ब्लॉक जाणकाराला लगेच ओळखू येतो, आणि पॉलिएस्टर लांबी बिडाइतकीच फुगत-आकसत नसल्याने कडांवर तडे जातात. इंजिन नंबरच्या जागेवर तर पॉलिश पेपरही जपून. तिथे ग्राइंडर लागला आणि अक्षरं पुसट झाली तर गाडीच्या अस्सलपणाचा पुरावा गेला. त्या पट्टीवर फक्त एक पातळ हात.

आता एक्झॉस्ट पोर्टभोवतीची जागा. इथे टू-के करपतो आणि सिलिकोन पिकत नाही. माझा उपाय असा: अख्खं हेड २६० अंशांच्या इंजिन एनॅमलमध्ये, खाली त्याच कंपनीचा, तितकंच तापमान सोसणारा प्रायमर, एपॉक्सी नाही, कारण १२० अंशांच्या फार वर एपॉक्सी खालूनच सोडतो आणि वरचा रंग कितीही चांगला असला तरी त्याच्यासकट निघतो. ब्लॉक टू-केमध्ये, हेड एनॅमलमध्ये. दोन्हींची हद्द हेड गॅस्केटच्या रेषेवर येते, त्यामुळे छटेत उन्नीस-बीस असलं तरी डोळ्याला टोचत नाही. छटा जुळवायला दोन्ही रंग एकाच तुकड्यावर शेजारी शेजारी मारून, वाळवून, तासभर १०० अंशांवर ठेवून मगच पाहा. तापल्यावर काही छटा अर्ध्या पायरीने बदलतात.

आणखी एक, कारण रंग बदलण्याआधी हे बघायला हवं. करपलेला पट्टा सगळ्या पोर्टना सारखा असेल तर तो रंगाचा प्रश्न. एकाच पोर्टशी असेल आणि डाग पंख्यासारखा पसरलेला असेल, तर तिथे मॅनिफोल्डचं गॅस्केट गळत होतं आणि गरम वायूची जीभ हेडवर येत होती. सगळीकडे सारखा पण प्रमाणाबाहेर असेल तर इग्निशन मागे पडलेलं आहे का पाहा. ठिणगी उशिरा पडली की जळणं लांबतं आणि एक्झॉस्ट जास्त तापतो. मॅनिफोल्डचा फ्लँज सरळ आहे का हे सरळपट्टी लावून तपासा, जुने मॅनिफोल्ड बहुधा वाकलेले असतात. कोणताही रंग या दोषांवर इलाज नाही.

मॅनिफोल्ड हे सर्वांत कष्टाचं काम, आणि त्यातले नव्वद टक्के कष्ट रंगाच्या आधीचे. बिडात ग्रॅफाइट असतं आणि सूक्ष्म छिद्रं असतात. पन्नास-साठ वर्षांचं ऑइल त्यात मुरलेलं असतं. वरून कितीही पुसलं तरी तापल्यावर ते बाहेर येतं आणि रंगाला आतून ढकलतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी तेलकटपणा धुऊन काढा, मग ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने खरखरीत दाण्यांचा मारा), मग २०० अंशांच्या आसपास तासभर नुसता भाजा. थंड झाल्यावर ऑइलचे काळे-तपकिरी डाग वर आलेले दिसतील. परत धुवा, परत हलकं ब्लास्टिंग. डाग यायचे थांबेपर्यंत हे करायचं. धुण्याआधी ब्लास्टिंग केलं तर दाणे तेल आणखी आत ठोकतात.

ब्लास्टिंगला ॲल्युमिनियम ऑक्साइडचे ८० ते १२० नंबरचे दाणे घ्या. काचेचे मणी नकोत. ते पृष्ठभाग ठोकून गुळगुळीत करतात आणि रंगाला पकड राहत नाही. वाळू तर अजिबात नको, तिची धूळ फुप्फुसात बसते आणि निघत नाही. ब्लास्टिंगनंतर उघड्या हाताने धरू नका आणि शक्यतो त्याच दिवशी रंग द्या, कारण ताजं बीड काही तासांत गंजाची झाक धरतं. गंज बदलणारी फॉस्फोरिक ॲसिडची द्रावणं ब्लॉकच्या खोबणीत ठीक आहेत, नीट धुऊन काढली तर. मॅनिफोल्डवर ती वापरू नका, मागे राहणारा फॉस्फेटचा थर तापल्यावर पाणी सोडतो आणि वरचा रंग उचलतो. जस्ताचा प्रायमरही इथे नाही. जस्त ४२० अंशांना वितळतं. सिलिकोन रंग थेट उघड्या, खरबरीत धातूवर बसवायचा असतो.

आणि पातळ. एका हातात सुकल्यावर २० ते २५ मायक्रॉन, दोन हात मिळून ४० ते ५०. इथे बहुतेकांचा हात सुटतो. चांगलं झाकलं जावं म्हणून तिसरा, चौथा हात देतात आणि पहिल्याच तापण्यात फोड येतात, कारण वरचा थर आवळतो आणि खालचा थिनर अडकतो. पहिल्या हातानंतर धातू किंचित दिसत असेल तर हात बरोबर बसला आहे.

मग भाजणं, टप्प्याटप्प्याने: १२० अंशांवर अर्धा तास, थंड होऊ द्या, २०० अंशांवर अर्धा तास, थंड, ३१५ अंशांवर अर्धा तास. डब्यावर वेगळं दिलं असेल तर ते पाळा. सरळ तीनशेवर नेलं तर थिनरला निघायला वाट मिळत नाही. भाजताना निघणाऱ्या वाफा विषारी असतात. हे काम मोकळ्या हवेत किंवा वाफा बाहेर ओढणाऱ्या भट्टीत, आणि त्या ओव्हनमध्ये पुन्हा कधीही अन्न नको.

एवढं करूनही साधा सिलिकोन रंग मॅनिफोल्डवर काही हंगाम टिकतो, जन्मभर नाही. त्याहून जास्त हवं असेल तर व्यावसायिक सिरॅमिक कोटिंगकडे द्या. मात्र ‘सिरॅमिक’ हा शब्द स्प्रे कॅनवरही असतो. तिथे सिलिकोनमध्ये थोडी सिरॅमिक भुकटी असते एवढंच. खरं व्यावसायिक काम आत आणि बाहेर दोन्हीकडून होतं, बॉनेटखालची धग कमी करतं, आणि पुढे कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळण्याचा त्रासही कमी करतं. काही गाड्यांना कारखान्यातूनच काचमिन्याचा मुलामा असायचा. जग्वारच्या एक्सके इंजिनाचे काळे चकचकीत मॅनिफोल्ड हे त्याचं ठळक उदाहरण. काचेची पूड साधारण ७५० ते ८५० अंशांवर वितळवून तो बसवतात. तशा मॅनिफोल्डवर काळा रंग मारणं म्हणजे अस्सल वस्तू झाकणं. त्याला पुन्हा मुलामाच करून घ्यावा.

जिथे कारखान्यातून मॅनिफोल्ड उघडा यायचा, तिथे मी रंगापेक्षा ग्रॅफाइटची पेस्ट सुचवतो, तीच जी लोखंडी शेगड्यांना चोळतात. फडक्याने चोळायची, ब्रशने घासायची, बिडाचा खरा करडा-काळा रंग येतो. गंजायला लागलं की परत चोळा. पोपडे निघायचा प्रश्नच नाही. सायलेन्सरला गुंडाळायच्या उष्णतारोधक पट्ट्या मॅनिफोल्डभोवती गुंडाळू नका. त्या ओल धरतात, आणि जुन्या बिडात उष्णता कोंडली की तडा जातो.

ॲल्युमिनियमच्या भागांबद्दल. उघड्या ॲल्युमिनियमवर काही मिनिटांत ऑक्साइडचा थर येतो, म्हणून घासून झाल्यावर तीन-चार तासांच्या आत सेल्फ-एचिंग प्रायमर किंवा ॲल्युमिनियमसाठीचा एपॉक्सी द्या. दोन्ही एकावर एक नको, एचिंगमधलं ॲसिड एपॉक्सीच्या हार्डनरशी भांडतं. कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियम धुऊ नका, ते विरघळतं. टॅपेट कव्हरचा मोठा धोका वेगळाच आहे. आतल्या बाजूला ऑइल अडवायला पत्र्याचा बॅफल रिव्हेट केलेला असतो. ब्लास्टिंगचे दाणे त्याच्यामागे जाऊन बसतात, धुतल्यावरही निघत नाहीत, आणि इंजिन सुरू झाल्यावर ऑइलबरोबर बेअरिंगमध्ये पोहोचतात. नव्याने मशीनिंग केलेल्या इंजिनाचा यापेक्षा वाईट शेवट मला माहीत नाही. बॅफल काढता येत नसेल तर ते कव्हर रासायनिक रिमूव्हरने साफ करा, ब्लास्टिंग नकोच. हाच नियम ब्लॉकच्या ऑइल गॅलरीला, म्हणजे आतल्या ऑइलच्या वाटांना: त्यांचे प्लग काढलेले असतील आणि नंतर ब्रश घालून धुणार असाल तरच ब्लॉकजवळ ब्लास्टिंग.

कव्हर, पुली, ब्रॅकेट यांना पावडर कोटिंग चालतं. ते १८० ते २०० अंशांवर भाजतात, म्हणून कथिलाने डाग दिलेली कोणतीही वस्तू त्या भट्टीत घालू नका; कथिल-शिशाचा डाग १८३ अंशांपासून वितळायला लागतो. पितळी रेडिएटर टाकीचे सांधे असे सुटतात. बिडाच्या ब्लॉकला पावडर कोटिंग करायला कोणी सुचवलं तर नकार द्या. मुरलेलं ऑइल भट्टीत उकळून थराला भोकं पाडतं, आणि पुढे कधी एक जागा दुरुस्त करायची तर सगळं काढावं लागतं.

रंगाने इंजिन जास्त तापेल अशी भीती पुष्कळांना असते. रंगाच्या ५० मायक्रॉन थराचा उष्णतेला होणारा अडथळा हा पृष्ठभागावरून हवेत जाताना होणाऱ्या अडथळ्याच्या एक टक्क्याच्या आसपास असतो. शिवाय पाण्याच्या इंजिनात उष्णता जाते रेडिएटरमधून. तिथेही पातळ काळा मॅट थर त्रास देत नाही. त्रास देतो तो जाळ्यांत साठलेला जाड रंग, कारण हवाच अडते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या सिलिंडरच्या फिन्सना मात्र ही गोष्ट जपून करायची: एकच पातळ हात, सिलिकोनचा, आणि फिन्सच्या बुडाशी थेंब साठू द्यायचा नाही.

मास्किंग करताना लोक गॅस्केटच्या जागा आठवणीने झाकतात, पण बोल्टच्या डोक्याखालची जागा विसरतात. तिथे रंग राहिला तर आवळलेल्या दाबाखाली तो दबत जातो आणि बोल्ट सैल पडतो. हेडचे बोल्ट, मॅनिफोल्डचे नट, इंजिन माउंट, सगळीकडे वॉशरएवढी गोल जागा कोरी ठेवा. अर्थिंगच्या पट्टीची जागाही कोरी. स्टार्टर ओढत नाही म्हणून बॅटऱ्या बदलत बसलेल्यांच्या ब्लॉकवर बहुधा सुरेख रंगवलेला अर्थिंग पॉइंट सापडतो. स्पार्क प्लगची बैठक, ऑइल फिल्टरची बैठक, सगळ्या आट्यांची भोकं जुन्या बोल्टने किंवा रबरी बुचाने बंद करा. टेप रंग ओलसर असतानाच काढा. ब्लॉकच्या आतून लाल वार्निश मारायची जुनी पद्धत आहे. मी ती टाळायला सांगतो, तिचा सुटलेला एक पोपडा ऑइल पंपाची जाळी बंद करू शकतो.

छटेबद्दल थोडं, कारण उष्णता छटेलाही खाते. पिवळं आणि काळं लोहऑक्साइड १८०-२०० अंशांच्या आसपास तांबूस व्हायला लागतं, लाल लोहऑक्साइड मात्र त्याच्या कितीतरी पुढे स्थिर राहतं. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड टिकतं पण रेझिन पिवळं पडतं, म्हणून एक्झॉस्टकडे पांढरं काहीही मारू नये. काळा मॅनिफोल्ड काही महिन्यांत राखाडी झाला असेल तर त्यातला काळा साध्या कार्बनचा होता आणि तो जळून गेला. मूळ छटा शोधताना मोटर माउंटच्या खाली, वॉटर पंपाच्या गॅस्केटमागे बघा. तिथे उन्हाने आणि ऑइलने न बिघडलेला रंग सापडतो. कारखाने छटा बदलायचे. फोर्डने १९६६पासून अमेरिकेतली बहुतेक इंजिनं एकाच निळ्या छटेत आणली, त्याआधी इंजिनागणिक रंग वेगळे होते. जग्वारच्या ३.८ लिटर ई-टाइपचं हेड सोनेरी असायचं. तेव्हा वर्ष आणि इंजिन नंबर पाहून छटा ठरवा, दुसऱ्या कुणाची चकाचक गाडी पाहून नव्हे.

जुना रंग काढताना तो कोरडा घासू नका. त्या काळच्या रंगांत शिसं आणि क्रोमेट असायचं. पाण्याबरोबर किंवा जेल रिमूव्हरने काढा. मॅनिफोल्डची जुनी गॅस्केट ॲसबेस्टॉसची असू शकतात. ओली करून अख्खी उचला, वायर ब्रश फिरवू नका. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याचा वास येत नसला तरी ते श्वासनलिकेला कायमचं संवेदनशील करू शकतं. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क नसेल तर ते काम बूथ असलेल्या माणसाकडे द्या. यात तडजोड करू नका.

तुमच्या बाबतीत वेळापत्रकाचा एक पेच आहे. नवा कॅमशाफ्ट आणि सपाट टॅपेट असतील तर पहिल्या सुरुवातीला इंजिन आयडलवर न ठेवता १५०० ते २५०० आरपीएमवर वीस-तीस मिनिटं चालवावं लागतं, नाहीतर कॅमचे लोब, म्हणजे टॅपेट उचलणारे उंचवटे, घासले जातात. स्प्रे कॅनवर मात्र लिहिलेलं असतं की मॅनिफोल्डचा रंग गाडीवरच पिकवा: दहा मिनिटं आयडल, थंड, पुन्हा वीस मिनिटं. या दोन्ही सूचना एका इंजिनावर पाळता येत नाहीत, आणि वाचवायचा तो कॅमशाफ्ट. म्हणून मॅनिफोल्ड बसवण्याआधीच भट्टीत भाजून घ्या. ब्लॉकचा टू-के मारल्यानंतर निदान आठवडा जाऊ द्या, हेडच्या एनॅमलला दहा दिवस. पहिल्या तापण्यात मॅनिफोल्डवरून थोडा धूर येईल, तो असेंब्लीच्या वेळी लागलेल्या ऑइलचा. दहा-पंधरा मिनिटांत थांबला पाहिजे. त्यानंतरही येत राहिला तर इंजिन बंद करून आधी गळती शोधा. इंजिन गार झालं की मॅनिफोल्डचे नट पुन्हा तपासून घ्या.